घाटवाटेवरची जासूद: पात्राच्या रेखाटनांवर अभिप्राय हवेत

रेघसावली

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्रमैत्रिणी नोकऱ्या सांभाळून फोनवर खेळायचा एक छोटा गेम करतोय. काळ सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, जागा मावळातून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा. मुख्य पात्र रखमा. वय तिशीच्या आसपास, घाटमाथ्यावरच्या गवळीवाड्यातली. दूध-लोणी घेऊन खाली उतरते आणि त्याच फेऱ्यांत निरोप पोचवते. पात्र पूर्णपणे कल्पित आहे.

चित्र १: समोरून उभी. राणी रंगाची नऊवारी, पिवळाधमक काठ, डोक्यावर चुंबळ आणि तीन मडक्यांची उतरंड, कमरेला विळा.
चित्र २: घाट उतरताना, बाजूने.
चित्र ३: चेहऱ्याचे चार भाव.

तिचं रूप एकदा पक्कं झालं की पुढे त्रिमित मॉडेल, हालचाली, सगळं त्यावरच उभं राहणार आहे. म्हणून आत्ताच विचारते. मोकळेपणाने लिहा.

सांजवात

किती सुंदर! डोळे तर अगदी बोलके आलेत. हिरकणी ना ही?

कडेकपारी

मस्तच. हिरकणीवर गेम येतोय हे वाचून फार आनंद झाला. शुभेच्छा!

टाकबोरू

हात चांगला आहे तुमचा. पण मजा नाही आली. पात्रात दम नाही.

रेघसावली

सांजवात, कडेकपारी, आभार. ही हिरकणी नाही हो, वर लिहिलंय तसं निरोप पोचवणारी आहे.
टाकबोरू, दम नाही म्हणजे नक्की कुठे? चेहऱ्यात, उभं राहण्यात, की कपड्यांत?

टाकबोरू

नेमकं सांगता येत नाही. हातात तलवार द्या, पाठीवर ढाल. नाहीतर दांडपट्टा द्या, २०२४ पासून तो राज्यशस्त्रही आहे. मग बघा कशी उठून दिसते.

भूर्जपत्र

निरोप लपवून नेणारी बाई पाठीवर ढाल घेऊन कशाला जाईल? पहिल्याच चौकीवर अडकेल. काहीतरी विचार करून प्रतिसाद द्यावा माणसाने.

हिमकण

मी मॉन्ट्रियलला एका गेम स्टुडिओत कॉन्सेप्ट आर्टचं, म्हणजे पात्रांची आणि जागांची सुरुवातीची रेखाटनं करायचं काम करते. जरा सविस्तर लिहिते, कारण हा धागा भांडणाकडे वळायला नको.

टाकबोरूंचं 'दम नाही' मला पटलं. त्यांना चित्र बघताना काहीतरी कमी वाटलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, ही मोठी मदत आहे. घोटाळा पुढे झाला. काय दिसलं हे सांगून व्हायच्या आत उपाय आला: तलवार. उपाय समोर आला की सगळे त्या उपायाशी भांडतात आणि मूळ जाणवलेलं बाजूला पडतं. भूर्जपत्र तलवारीवर बोलले, दम का नाही यावर कोणीच बोललं नाही.

म्हणून अभिप्राय देणाऱ्यांना माझी विनंती अशी की आधी काय दिसलं ते लिहा. 'नजर आधी काठावर गेली', 'ही वाट बघत उभी आहे असं वाटलं', 'वय विशीचं वाटलं'. एवढं लिहायला चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, आणि चित्रकाराला ते स्वतःहून कधीच मिळत नाही. तिने ते चित्र इतक्यांदा पाहिलेलं असतं की पहिली नजर तिच्यापाशी उरलेलीच नसते. उपाय तिच्यावर सोडा.

आता रेघसावली, तुमच्यासाठी. दोघींना हिरकणी दिसली. या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वांत मोलाचा अभिप्राय तोच आहे, आणि त्या दोघींनी तो अभिप्राय म्हणून दिलेलाच नाही. तुम्ही लगेच खुलासा केलात. खुलासा करायचा मोह आवरा. गेम खेळणाऱ्याच्या शेजारी बसून तुम्ही काही समजावणार नाही आहात. गवळण, मडकी, मागे कडा एवढं एकत्र आलं की मराठी माणसाला रायगडाचा बुरूजच आठवणार. मग प्रश्न उरतो की निरोप कुठे दिसतो? मला तिन्ही चित्रांत तो कुठेच दिसला नाही. दूध विकायला निघालेली सुरेख बाई दिसली. कदाचित टाकबोरूंचा 'दम' तिथेच अडकला असेल.

आणि दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. कॅमेरा कुठे असणार आहे? आणि यातलं काय अजून बदलता येतं? सुरुवातीच्या रेखाटनांवर नखांच्या रंगाची चर्चा करून उपयोग नसतो, आणि मॉडेल अर्धं झाल्यावर 'बांधा बदला' म्हणणं म्हणजे अन्याय.

रेघसावली

हे वाचून बराच वेळ विचार केला. कॅमेरा वरून तिरपा आहे, आणि फोनवर रखमा अंगठ्याच्या नखाएवढी दिसणार. बदलायला अजून सगळं मोकळं आहे, फक्त ती गवळण आहे आणि पायी जाते, एवढं पक्कं.

त्रिमिती

बेंगळुरूहून. मी मॉडेलिंग करतो. कॅमेरा वरून असेल तर तीन मडक्यांची उतरंड तिचा चेहरा आणि खांदे झाकून टाकेल. खेळणाऱ्याला पूर्ण वेळ मडक्याचं गोल तोंड दिसत राहील. चित्र ३ मधले चार भाव फार सुरेख आहेत, पण ते संवादाच्या चौकटीत वापरा. चालत्या गेममध्ये ते कोणापर्यंत पोचणार नाहीत.

एक सोपी परीक्षा करून बघा. चित्र पूर्ण काळं भरा, नखाएवढं करा आणि ज्याने आधी पाहिलं नाही अशा कोणाला तरी दाखवा. २००७ साली आलेल्या टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत आणि प्रत्येक जण लांबून नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू यावा अशीच त्यांची रचना केली होती. तो करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मंडळींनी त्यावर त्याच वर्षी निबंधही लिहिला. तुमच्या चित्र २ ची काळी आकृती मी करून पाहिली. साडीचा घोळ आणि पाय एकच गोळा झाले, पळतेय की उभी आहे ते कळेना.

तळकोकणी

बाह्याकृतीवरून आठवलं. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलांसाठी. पडद्यावर पडते ती सावली, तेव्हा पात्राची ओळख कडेच्या रेषेतच असायला हवी: मुकुट, धनुष्य, शेपटी, हाताची ठेवण. लहानपणी पुढे बसून पाहिलंय. कोण आलं हे सांगायच्या आधीच आम्ही पोरं ओरडायचो. रेघसावली, जमलं तर एकदा पिंगुळीला जाऊन या. तुमच्या कामाला तिथे जे मिळेल ते कुठल्या शिकवणीच्या व्हिडिओत नाही.

मोडीवाचक

काळाच्या अंगाने काही टिपणं.

हा लखलखता राणी रंग कृत्रिम रंगांनंतरचा. पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग केला आणि मॅजेंटा त्यानंतर दोन-तीन वर्षांत आला. रखमाच्या काळात लाल म्हणजे आल किंवा मंजिष्ठ या वनस्पतींच्या मुळांचा, निळा म्हणजे नीळ. कुसुंब्याचा गुलाबी देखणा असतो पण धुण्यात आणि उन्हात टिकत नाही. रोज घाट चढणाऱ्या बाईच्या अंगावर तो विटलेलाच असणार. चित्र १ मध्ये चोळीला हुक दिसताहेत, तिथे पुढे गाठ हवी. मोत्यांची नथ या परिस्थितीतल्या बाईला रोजच्या कामावर मला पटत नाही.

भांडी आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी पुण्यात केळकर संग्रहालयात वही घेऊन जा. फोटोवरून काढलेल्या भांड्याला बूड नसतं, पाहून काढलेल्याला असतं.

हिमकण

मोडीवाचक, रंगाबद्दल मनापासून धन्यवाद. एक जोड देते. विटलेला गुलाबी हा नुसता इतिहास नाही, त्यात रखमाची रोजची पायपीट दिसते. साडी खांद्यावर विटलेली आणि निऱ्यांच्या आत मूळ रंगाची दाखवली तर तिचं उन्हातलं आयुष्य न सांगता कळेल.

आणि काठाबद्दल. आत्ता चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत ठळक गोष्ट आहे पायापाशी. डोळा तिथेच जातो. डोटा २ या वरून दिसणाऱ्या गेमसाठी व्हॉल्व्हने चित्रकारांना दिलेली मार्गदर्शिका सर्वांना वाचायला खुली आहे. वरच्या कॅमेऱ्यासाठी पायाकडे गडद आणि डोक्याकडे उजळ अशी चढण ठेवा, असं तीत सांगितलंय, म्हणजे नजर वर राहते.

भूर्जपत्र

मग पावसाळा दाखवा आणि इरलं द्या! वरून पाहिलं की पूर्ण वेगळा आकार, दुसऱ्या कोणाशी गल्लत नाही.

डोंगरदरी

माझं आजोळ वेल्ह्याकडचं, म्हणून राहवलं नाही. इरलं भातलावणीचं. वाकून रोप लावताना पाठ झाकायला बनवलेलं. ते घेऊन वाऱ्याच्या घाटात उतरायचं म्हणजे शिडासारखं भरून दरीकडे ओढणार. घाटात पावसाला घोंगडीची खोळ. डोक्यावरून पाठीवर उतरते, हात मोकळे राहतात.

आणि हात मोकळे हवेतच. नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद, उभी घळ; आमच्याकडची बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ कोणी उतरली असेल तर सांगेल, मोठमोठ्या धोंड्यांतून उतरताना हात टेकावेच लागतात. सपाटीवर डोक्यावर भार ठीक, पण नाळेच्या तोंडाशी आली की रखमा मडकं शिंक्यात घालून पाठीला मारेल. चित्र २ मध्ये ती उतारावर पुढे झुकलीय. आमच्याकडच्या बायका उतरताना गुडघे सैल सोडून, अंग किंचित मागे, छोट्या पावलांनी भराभर उतरतात. तुम्ही काढलेली धाव मैदानावरची वाटली.

रेघसावली

डोंगरदरी, हे सगळं वहीत लिहून घेतलं. पण एक अडचण. काळी घोंगडी डोक्यावर आली तर वर उजळ, खाली गडद हे उलटं होईल ना?

हिमकण

चांगला प्रश्न. त्या नियमामागचं कारण बघा: पात्र पार्श्वभूमीवरून सुटं दिसावं आणि नजर डोक्या-खांद्यांकडे जावी. तुमच्या घाटात पावसाळ्यात मागे काय असेल? धुकं, ओलं गवत, फिकट राखाडी. तिथे खोळीचा गडद त्रिकोण उत्तम सुटून दिसेल. काळ्या ओल्या कातळावर मात्र हरवेल. गेममधली पार्श्वभूमी काढणाऱ्या मित्राला सोबत घेऊन दोन्हीकडे ठेवून बघा. घोंगडी करड्या लोकरीचीही असतेच.

रंगारी_नाना

तुमचं चित्र १ घेऊन थोडं दुरुस्त करून खाली टाकलंय. चेहरा लांबट केला, डोळे मोठे, वर्ण उजळला. आता नायिका वाटते. राग नसावा.

रेघसावली

नाना, वेळ काढलात त्याबद्दल आभार. पण स्पष्ट लिहिते. माझ्या चित्रावर रंग भरायच्या आधी विचारायला हवं होतं. आणि वर्ण उजळणं मला मान्य नाही. रोज उन्हात घाट चढणाऱ्या बाईचा वर्ण मी विचार करून ठरवलाय आणि तो बदलणार नाही. कृपया ते चित्र काढून घ्याल का?

रंगारी_नाना

काढलं. आमच्या वेळी बोर्ड रंगवायच्या कारखान्यात उस्ताद शिकाऊ पोराच्या हातातून कुंचला घ्यायचे आणि त्याच्याच फळ्यावर दुरुस्ती करायचे. ती सवय हाडात आहे, त्यात प्रेम होतं. पण तिथे आम्ही त्यांच्याकडे शिकायला म्हणून गेलो होतो, तुम्ही काही माझ्याकडे शिकायला आलेल्या नाहीत. वर्णाचं तुमचं म्हणणं पटलं.

परवानगी असेल तर फक्त उभं राहण्याबद्दल एक रेषा काढून दाखवतो, तुमच्या रेषेला हात न लावता, वेगळ्या थरावर.

रेघसावली

नाना, नक्की दाखवा. वाट बघते.

रंगारी_नाना

टाकलंय. तांबडी उभी रेष म्हणजे ओळंबा. तो मानेच्या खळगीतून सोडलाय. एका पायावर भार असेल तर ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी यायला हवा. तुमच्या रखमाचा तो दोन्ही पायांच्या मध्ये हवेत पडतोय, म्हणून ती भार वाहतेय असं वाटत नाही, मडकी चिकटवल्यासारखी दिसतात. एका पायावर भार द्या, त्या बाजूचं कमरेचं हाड वर येईल, खांदा त्याच बाजूला किंचित खाली जाईल. मान मात्र सरळ. डोक्यावर ओझं असताना मान वाकडी करून चालत नाही.

टाकबोरू

नानांची रेघ बघून मला माझंच म्हणणं सापडलं. रखमाचं वजनच जमिनीवर पडत नव्हतं. तलवार विसरा.

कडेकपारी

मी आपली सहज हिरकणी म्हणाले होते, ते कामाला येईल असं वाटलं नव्हतं. मग अजून एक सहज विचारते. निरोप ती नेते कशात? मला वाटलं चुंबळीत. कापड पिळून केलेली असते, आत चिठ्ठी सहज बसेल, आणि गवळणीच्या डोक्यावरची चुंबळ कोण तपासायला जातंय?

त्रिमिती

कडेकपारी, क्या बात! म्हणजे डोक्यावर भार असताना चुंबळ दिसत नाही आणि भार उतरला की ती हातात येते. नुसत्या हालचालीतून गोष्ट कळते. गेमच्या दृष्टीनेही सोपं: चुंबळ डोक्यावर, चुंबळ हातात, चुंबळ कमरेला, असे तीन वेगळे आकार.

मोडीवाचक

चुंबळीला माझा पाठिंबा. मात्र चिठ्ठी ओल्या मडक्याखाली भिजेल. मेण लावलेल्या कापडात गुंडाळलेली दाखवा.

रेघसावली

नवी रेखाटनं टाकतेय. काय बदललं ते मुद्दाम लिहीत नाही. पाहून पहिल्यांदा काय वाटलं तेवढंच एका ओळीत सांगा, बाकी नंतर.

चित्र ४: काळ्या आकृत्या, नखाएवढ्या, सहा.
चित्र ५: नाळेच्या तोंडाशी.
चित्र ६: खाली पोचल्यावर.

सांजवात

चित्र ५: हिला कुठेतरी वेळेत पोचायचंय.

डोंगरदरी

आमच्याकडचीच आहे. पावलं बरोबर.

भूर्जपत्र

चित्र ४ मधली तिसरी आणि पाचवी आकृती एकमेकींसारख्या वाटल्या. बाकी चार लगेच वेगळ्या कळल्या.

टाकबोरू

चित्र ६: काहीतरी लपवतेय. हात सारखा कमरेच्या चुंबळीकडे जातो. आणि हो, आता दम आहे.

तळकोकणी

खोळीचा त्रिकोण पडद्यावरच्या बाहुलीसारखा चोख दिसतो. विळा मात्र मला दिसलाच नाही, आधी होता ना?

रेघसावली

सगळ्यांचे आभार. विळा आहे, पण शिंक्याच्या दोरीआड गेलाय; दुसऱ्या बाजूला घेते. भूर्जपत्र, पाचवी आकृती काढून टाकली. मोडीवाचक, साडी आलीच्या लालात केलीय, खांद्यावर विटलेली, आणि नथीऐवजी साधी चमकी. हुक गेले, चोळीला गाठ आली. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना आवडली नाही तरी तशीच ठेवतेय. मला व्यक्तिगत संदेशातून तिघांनी सांगितलं की चेहरा फार राकट आहे, थोडा गोड करा. मी त्यावर विचार केला. तिचा चेहरा पाहून कोणाला तिच्याशी बोलावंसं वाटू नये, हेच तिच्या कामाला हवं आहे, म्हणून तो तसाच राहील.

हिमकण

चेहऱ्याबद्दल पूर्ण सहमत. कारण पात्राच्या कामातून आलंय, तेव्हा ते टिकेल. एवढ्या लोकांचं ऐकून चित्र सर्वांचं होऊन बसतं अशी भीती असते. चित्र ५ आणि ६ बघून ती वाटली नाही. आता टर्नअराउंड काढायला हरकत नाही: समोर, पाऊण, बाजू, मागे, चारही एकाच उंचीच्या रेषांवर.

त्रिमिती

टर्नअराउंड काढताना मॉडेलरची बाजू मांडतो. घोंगडी अंगापासून वेगळी काढून दाखवा, म्हणजे खोळ मागे टाकली की खाली काय दिसतं ते कळेल. शिंक्याची गाठ कुठे पडते ते जवळून काढा. आणि सर्वांत महत्त्वाचं, कासोटा मागून कसा खोचलाय त्याचं वेगळं चित्र हवंच. पाय उचलला की कापड तिथेच ताणलं जातं, आणि तिथला अंदाज चुकला तर प्रत्येक पावलाला गुडघा साडीतून बाहेर येतो.

रेघसावली

त्रिमिती, घोंगडी आणि गाठ रविवारपर्यंत टाकते. कासोट्यासाठी आईला नऊवारी नेसून जिना चढायला-उतरायला सांगितलंय, ती आनंदाने तयार झाली. मागून आणि बाजूने फोटो काढून त्यावरून रेखाटते. पायरी किती उंच असली की कापड ताणतं, हे तुम्हाला आकड्यात हवंय की नुसत्या चित्रावरून चालेल?

त्रिमिती

चित्र चालेल. फक्त पायरीची उंची बाजूला लिहा, आणि एक फोटो उंच ओट्यावर पाय ठेवलेला घ्या. नाळेतले धोंडे जिन्यासारखे नसतात.